उंदीरमामाचा पास : एका गच्चीवरच्या प्रकल्पाच्या नोंदी

ठिकाण: सहकारनगर, पुणे. चार मजले, सोळा घरं, लिफ्ट नाही. मुलं सात, वयं सहा ते बारा. साहित्य: शंभर पानी वह्या, पट्टी, भिंग, गच्चीची किल्ली.

२३ मार्च २०२०, सोमवार

काल संध्याकाळी पाचला इमारतीतल्या झाडून सगळ्या बाल्कन्यांत थाळ्या वाजल्या. मीही वाजवली, मनापासून. आवाज निवल्यावर दुसऱ्या मजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा कठड्याच्या गजांतून खाली बघत उभा होता. मला म्हणाला, "बाई, ज्यांच्यासाठी वाजवली ते दिसत नाहीत." एक कुत्रं सोडलं तर रस्ता खरंच रिकामा होता. मी म्हटलं, ते कामावर आहेत. "कुठल्या?" डॉक्टर, नर्स, पोलीस, एवढं सांगितलं. "आणि?"

त्या 'आणि'साठी हा प्रकल्प. चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास शिकवला. मदतनीसांचा धडा दरवर्षी घेतला: चित्रातला पोस्टमन, चित्रातला पोलीस, रिकाम्या जागा भरा. आता शाळा बंद आहे, वेळ हाताशी आहे आणि चित्रातली माणसं रोज दारावरून जातायत.

वाटणी चिठ्ठ्या टाकून केली. पाणी, दूध, कचरा, वीज, चौक, दवाखाना, टपाल. प्रत्येकानं आपल्या घरातूनच बघायचं आणि जे दिसलं तेच लिहायचं. 'बिचारे', 'थोर' असले शब्द वहीत नकोत. किती वाजता आले, हातात काय होतं, काय केलं, ते लिहायचं. रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आवाजात नोंद पाठवायची. गच्चीवर एका वेळी एकच घर. प्रकल्पाचं नाव मुलांनी ठरवलं: 'कोण आलं, कसं आलं'.

टपालाची चिठ्ठी सहा वर्षांच्या मुलाला निघाली. त्याचं तोंड एवढंसं झालं.

२५ मार्च, गुढीपाडवा

फुलबाजार बंद. कडुलिंब आवारातलाच, साखरेची गाठी दोन घरांत होती ती सोळा घरांत वाटली. रात्री बारापासून देश एकवीस दिवसांसाठी बंद झालाय. दूध मात्र सव्वापाचला दाराशी होतं.

२८ मार्च, शनिवार

पाण्याच्या नोंदी सर्वांत पुढे आहेत. चौथ्या मजल्यावरची बारा वर्षांची मुलगी सलग चार दिवस पहाटे पाचला उठली आहे. तिची नोंद जशीच्या तशी:

"५ वाजून १० मिनिटं. चावीवाले काका सायकलवरून. खांद्यावर लोखंडी चावी, टी आकाराची, त्यांच्या छातीएवढी उंच. रस्त्यातलं झाकण काढलं. चावी आत सोडली. तेवीस फेरे फिरवली. मग वाकून ऐकत राहिले."

ऐकत का राहिले, हे तिला कळेना. आज तिनं बाल्कनीतून हळूच हाक मारून विचारलं. काका म्हणाले, "पाणी आलं की पाईप बोलतो, पोरी. आवाज बसला की पुढच्या व्हॉल्व्हला जायचं." किती व्हॉल्व्ह? "सकाळपाळीला चौदा."

ही मुलगी बारा वर्षं या इमारतीत पाणी पितेय आणि मी एकतीस वर्षं. पाईप बोलतो, हे आम्हा दोघींना आज कळलं. दुपारी मी सगळ्यांना आवाजातच पाण्याचा रस्ता सांगितला: टेमघर, वरसगाव, पानशेत, ही वरची धरणं, त्यांचं पाणी खडकवासल्यात येतं, तिथून पर्वतीच्या जलकेंद्रात, आणि मग टाक्यांमधून आपल्या रस्त्याखाली. गाळ कसा बसवतात ते दाखवायला प्रत्येकानं घरी काचेच्या पेल्यात कुंडीतली माती कालवली आणि तुरटीचा खडा चार वेळा फिरवला. अर्ध्या तासानं सात घरांतून सात फोटो आले. एका पेल्याखाली लिहिलं होतं: "माती खाली बसायला घाबरत नाही."

३१ मार्च

टपाल: आजही कोणी नाही. "टपाल आलं नाही" असं त्यानं आठ दिवस आठ ओळींत लिहिलंय. अक्षर सुधारतंय.

३ एप्रिल, शुक्रवार

ही नोंद मोठ्यांसाठी.

कचरावेचक ताईंनी जिन्यावरून वर यायचं नाही, असा निर्णय इमारतीच्या बैठकीत झाला. त्यांच्यापासून लागण होईल, ही भीती. मी विचारलं, आपल्या सोळा घरांचा कचरा उघड्या हातांनी निवडणाऱ्या बाईला आपल्यापासून काय होईल, याचा विचार कोणी केलाय? बैठक गप्प झाली, पण निर्णय तसाच राहिला. घरकामाच्या मावशींना तर फाटकातूनच परत पाठवलं होतं आणि तीन घरांनी त्यांचा एप्रिलचा पगार द्यायचा की नाही यावर खल चालवलाय. काम आपण बंद केलं, त्यांनी नाही. पगार द्यायचा. मी हे प्रत्येक दारात जाऊन बोलले आणि पुन्हा बोलेन. ज्या घरातल्या थाळीचा आवाज सर्वांत मोठा होता तिथेही बोलले.

कचऱ्याची चिठ्ठी निघालेल्या मुलाची (वय दहा) वही मी बैठकीत वाचून दाखवली. त्यानं अडुसष्ट पायऱ्या मोजल्या होत्या. "ताई वर येताना रिकाम्या बादल्या दोन, उतरताना भरलेल्या दोन. चौथ्या मजल्यावर एकदा थांबतात आणि पदरानं तोंड पुसतात. दुसरीकडे थांबत नाहीत." त्याच्या पुढे त्याचा स्वतःचा प्रश्न: "आपण खाली नेऊन दिला तर?"

तेवढं मात्र सगळ्यांनी ऐकलं. सोमवारपासून साडेआठला प्रत्येक घर आपला ओला आणि सुका कचरा वेगळा करून स्वतः फाटकाशी नेणार.

५ एप्रिल, रविवार

रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. पणत्या लावल्या. पण खरं दृश्य पश्चिमेला होतं. शुक्र कृत्तिकांचा पुंजका नुकताच ओलांडून वर आला होता आणि रस्त्यावरचे दिवे सोडले तर त्या बाजूला उजेडच नव्हता. आपापल्या खिडकीतून मुलं कृत्तिका मोजत होती. कोणाला पाच दिसल्या, कोणाला सहा. एक आजोबा म्हणाले, पुण्यातून इतक्या स्वच्छ मी लहानपणी पाहिल्या होत्या.

८ एप्रिल, हनुमान जयंती

परवाच्या नऊ मिनिटांचा हिशेब वीजवाल्या मुलीनं (वय अकरा) बाबांच्या मदतीनं शोधून काढला. देशभरातले दिवे एकदम बंद झाले तेव्हा विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनं खाली आली आणि लगेच पुन्हा चढली. वीज साठवून ठेवायची म्हटलं तर एवढी साठत नाही. जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार करावी लागते. म्हणून भार नियंत्रण केंद्रांतले अभियंते आणि वीजकेंद्रांतली माणसं आधीपासून तयारीत बसली होती. कोळशावरची केंद्रं पटकन कमी-जास्त होत नाहीत, धरणाच्या पाण्यावरची होतात. त्यांच्या जोरावर तोल सांभाळला. ती म्हणाली, "म्हणजे आपण पणती लावून शांत बसलो होतो, तेव्हा त्यांना सगळ्यांत जास्त काम होतं." तिनं वहीत पणतीच्या चित्राशेजारी एक खुर्ची काढली. खुर्चीवर पाठमोरा माणूस, समोर पडदा.

रात्री चैत्री पौर्णिमेचा चंद्र. या वर्षीचा सर्वांत मोठा, कारण तो पृथ्वीजवळून जातोय. गच्चीवर घरोघरच्या पाळ्या रात्री दहापर्यंत चालल्या. तळजाईच्या टेकडीवरून मोर ओरडला. इथे राहायला आल्यापासून घरात बसून मोर ऐकल्याचं मला आठवत नाही.

९ एप्रिल, गुरुवार

टपालवाल्याचा दात पडला. खालचा, समोरचा.

आमच्याकडे पडलेला दात उंदराला द्यायचा असतो: कौलावर फेकायचा किंवा बिळाशी ठेवायचा, म्हणजे नवा दात उंदरासारखा बारीक आणि बळकट येतो. या इमारतीला कौलं नाहीत आणि बिळंही नाहीत. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका आईनं परवाच मोबाईलवर वाचलेली बातमी त्याला सांगितली होती. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सोमवारी जाहीर केलं की तिकडे दात घेऊन जाणारी परी आणि ईस्टरचा ससा हे दोघेही अत्यावश्यक सेवेत आहेत, त्यांना काम करायची मुभा आहे.

तो दात मुठीत घेऊन माझ्या दाराशी आला, चार हात लांब उभा राहिला. "बाई, आपल्या उंदीरमामाला पास आहे का?"

पोलिसांचा डिजिटल पास कसा काढतात हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या बाबांनी औषधांसाठी काढला होता. मी त्याला उत्तर दिलं नाही. उद्यापर्यंत वेळ मागून घेतला. एवढं मनापासून विचारलेल्या प्रश्नाला मला घाईत काहीतरी बोलायचं नव्हतं.

१० एप्रिल

उत्तर त्यानंच आणलं. आजोळ श्रीवर्धनला आहे. तिथे मंगलोरी कौलांचं घर आहे, पाठीमागे सुपारीची वाडी आहे आणि उंदीर तर आहेतच, आजोबा रोज त्यांच्या नावानं ओरडतात. दात तिथे पाठवायचा. एसटी बंद, गाड्या बंद. "पण टपाल बंद नाही ना? मी टपालवाला आहे."

टपाल खरंच बंद नाही. अत्यावश्यक सेवांच्या यादीत आहे. रेल्वे थांबल्यावर टपालाच्या गाड्या रस्त्यानं धावतायत, औषधांची पाकिटं नेतायत आणि कित्येक गावांत पोस्टमन घरी जाऊन बँकेतले पैसे अंगठ्यावर काढून देतायत. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं वहीत लिहिलं: "पोस्टमन = औषध + पैसे + दात."

१३ एप्रिल, सोमवार

दात कापसात, कापूस काडेपेटीच्या आतल्या खणात, वरून जाड कागद. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं: अठरा ग्रॅम. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. त्याच्या बाबांनी ते पोस्टात नेऊन दिलं. पाकिटावर पत्त्याखाली त्यानं लिहिलं होतं, "काका, हळू ठोका मारा." शिक्का मारणाऱ्या काकांसाठी.

१६ एप्रिल

आशाताई आणि महापालिकेच्या शाळेतल्या एक शिक्षिका सर्वेक्षणाला आल्या. घरात माणसं किती, साठीच्या वरचे किती, कोणाला ताप, खोकला. चारही मजले चढून प्रत्येक दारात तेच प्रश्न, आणि चौथ्या मजल्यावरही तितक्याच आपुलकीनं. शिक्षिका माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. मी पाणी पुढे केलं तर दोघींनी नको म्हटलं. दिवसभर मास्क काढायचा नाही, असं त्यांनी ठरवून घेतलंय. आशाताईंना या कामाचा पगार नाही, मानधन आहे. दवाखान्याची वही सांभाळणाऱ्या मुलीनं (वय नऊ) या दोन शब्दांतला फरक विचारला. मी तिला तो कोणताही मुलामा न देता सांगितला.

संध्याकाळी याच शहराची जुनी गोष्ट सांगितली. १८९७ मध्ये इथे प्लेग होता. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याचा पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा आजारी पडल्याचं कळल्यावर सावित्रीबाईंनी त्याला स्वतः उचलून तिथे आणलं. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

बराच वेळ कोणाचाच आवाज आला नाही. मग नऊ वर्षांची: "तो मुलगा त्यांच्याएवढा मोठा झाला का?"

२१ एप्रिल

पलीकडच्या इमारतीतल्या एका काकांना १०८ची रुग्णवाहिका घेऊन गेली. मुलांनी पाहिलं. गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले.

दवाखान्याच्या वहीत फक्त एवढंच: "ड्रायव्हर काका पूर्ण पांढऱ्या कपड्यात. डोळ्यांवर चष्मा, आतून ओला. ते पाणी कसं पितात?" पीत नाहीत, हे मी तिला सांगितलं. तो पोशाख एकदा चढवला की पाळी संपेपर्यंत पाणीही नाही आणि लघवीला जाणंही नाही. तिनं त्यानंतर वही मिटली. मी आग्रह केला नाही. मूल घाबरलं तर त्याला घाबरू द्यावं, शेजारी बसावं. लगेच गाणी-गोष्टींनी झाकून टाकू नये.

२५ एप्रिल

तिनं वही उघडली. पलीकडचे काका अजून दवाखान्यात आहेत, पण फोनवर बोलले.

२९ एप्रिल, बुधवार

दात पोचला! सोळा दिवस लागले. श्रीवर्धनहून व्हिडिओ कॉल. आजोबा अंगणात उभे, आजी पोस्टमनदादांना कोकमचं सरबत देतेय. दादा म्हणाले, पाकीट हलवलं की खुळखुळत होतं, म्हणून शर्टाच्या खिशात वेगळं ठेवून आणलं. आजोबांनी त्याला मोबाईलमधून कौलं दाखवली. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी नुकतीच झाली होती, रांगा कशा सरळ. मग म्हणाले, "उंदीरमामा, जुना दात घे आणि नवा दात दे," आणि फेकला. टक् असा आवाज आला. इकडे दुसऱ्या मजल्यावर कोणी श्वास घेत नव्हतं.

वहीत: "टपाल पोचलं." दोनदा अधोरेखित.

४ मे

लाल ठिपका. सॅनिटरी नॅपकिन, डायपर, आणि आता वापरलेले मास्क, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा निवडणाऱ्या बाईला आत काय आहे ते उघडून बघावं लागत नाही. ही रीत 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी पुण्यात रुजवली. तीन हजारांहून अधिक कचरावेचकांची ही संस्था, २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा उचलते. तिच्या मागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. आमच्या इमारतीत ठिपक्याबद्दल अनेकदा सांगूनही कोणी मनावर घेत नव्हतं. आता कचऱ्याच्या मुलानं सोळा दारांवर लाल खडू दोऱ्यानं बांधून ठेवलाय. आज ताईंनी फाटकाशी मोजलं, सोळांपैकी चौदा पुडक्यांवर ठिपका. त्या म्हणाल्या, "पोरा, माझी बोटं वाचवलीस तू." तो दिवसभर कोणाशी बोलला नाही, एवढा भारावला होता.

१३ मे, बुधवार

शून्य सावलीचा दिवस. याची मी महिनाभर वाट पाहत होते.

पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंशांच्या आसपास. उत्तरेकडे सरकत जाणारा सूर्य मेच्या मध्याला बरोबर आपल्या डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास, घड्याळाच्या बारानंतर अर्ध्या तासानं, कारण आपलं घड्याळ आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे. सात घरं, सात बाल्कन्या. काही जणांनी आवारात एकेक कोपरा घेतला. वस्तू उभ्या केल्या: स्टीलचा पेला, टॉर्चचा सेल, लाटणं, देवघरातली समई. बारा वाजून दहा मिनिटांनी पेल्याची सावली बोटभर होती. पंचवीसला नखाएवढी. बारा एकतीसला ती पेल्याखाली शिरली. पेला उन्हात उभा आणि त्याला सावली नाही. दहा वर्षांचा मुलगा स्वतःभोवती गिरक्या घेत होता, पायाखाली शोधत.

चौकाची वही सांभाळणारी मुलगी (वय आठ) गच्चीवर होती. तिथून चौकातली नाकाबंदी दिसते. ती ओरडली, "बाई, हवालदार काकांना पण सावली नाही!" सगळे हसले. तिला मात्र हसू आलं नाही. ती दोन महिने त्यांच्याबद्दल लिहितेय. काका सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या सावलीत उभे असतात, दुपारी ती सावली आखडते, मग ते विजेच्या खांबाच्या बारक्या सावलीत आडवे उभे राहतात. हे सगळं तिनं वेळेसकट नोंदवलंय. आज खांबाचीही सावली गेली.

फाटकाशी इस्त्रीवाल्या काकांची मोठी छत्री दोरीनं बांधून ठेवलेली आहे. श्रमिक रेल्वेगाड्या सुरू झाल्यावर काका उत्तर प्रदेशात गावी गेले. त्यांना फोन लावला. ते शेतावर होते. म्हणाले, "ले जाइए दीदी, छाता खड़े-खड़े खराब ही होगा." एक वाजता छत्री चौकात उभी होती, शेजारी माठ आणि त्यावर ओगराळं. हवालदार काकांनी गच्चीकडे बघून हात केला.

मुलीची नोंद: "१ वाजून ५ मिनिटं. काकांना सावली मिळाली. गोल आहे."

३ जून, बुधवार

निसर्ग चक्रीवादळ. दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पुण्यातही दिवसभर झोडपलं. आमच्या रस्त्यावर गुलमोहर आडवा, वीज गेली. अग्निशमन दलाचे जवान भर पावसात करवतीनं फांद्या तोडत होते. वीजवाल्या मुलीनं मेणबत्तीच्या उजेडात लिहिलं: "वायरमन काका रात्री ११ ला खांबावर. खाली एक जण टॉर्च धरून. ११.४० ला वीज आली. मी टाळ्या वाजवल्या, त्यांना ऐकू गेल्या नसतील, पाऊस होता."

श्रीवर्धनला फोन लागत नाही.

६ जून

लागत नाही.

९ जून

आज निरोप आला, माणगावपर्यंत गाडीनं आलेल्या कोणाच्या तरी फोनवरून. माणसं सुखरूप. सुपारीची वाडी झोपली. श्रीवर्धनची रोठा सुपारी, पन्नास-साठ वर्षांची झाडं, आजोबांच्या वडिलांनी लावलेली. कौलं उडाली. सगळी.

सहा वर्षांचा मुलगा ऐकत होता. त्यानं दाताचं विचारलं नाही. "आजीवर पाऊस पडतोय का?" एवढंच विचारलं. ताडपत्री आहे, असं आईनं सांगितलं. रात्री उशिरा त्याची आवाजातली नोंद आली, फार हळू आवाजात: "उंदीरमामाच्या घरावर पण."

२२ जून

किनाऱ्यावर अजून बऱ्याच गावांत वीज नाही. दुसऱ्या जिल्ह्यांतून महावितरणच्या तुकड्या आल्यात. नवे खांब वाहून नेतायत, सुपारीच्या पडलेल्या खोडांतून वाट काढतायत. आजोबांकडे उतरलेली मंडळी सांगली भागातली. आजीनं त्यांना मोदक केले, नारळ पडून होते म्हणून.

कालचं सूर्यग्रहण ढगांनी खाल्लं. पंधरा मिनिटांची एक फट मिळाली, तेवढ्यात गाळणीच्या भोकांमधून फरशीवर चंद्रकोरींची रांगोळी पडली. पुरेसं होतं.

३० जून

ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका आज एसटीनं पंढरपूरला निघाल्या. दरवर्षी या दिवसांत आम्ही मुलांना पालखी दाखवायला नेतो. यंदा टीव्हीवर फुलांनी सजवलेली गाडी पाहिली. दूधवाल्या वहीचा मुलगा म्हणाला, "त्या ड्रायव्हर काकांना रात्री झोप लागली असेल का?" मे महिन्यात याच एसटीनं गावाकडे चाललेल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडलं होतं, हे त्याच्या वहीत आधीपासून आहे.

१२ जुलै, रविवार

उद्या रात्रीपासून पुन्हा दहा दिवस कडक बंद. आज पानशेत फुटल्याचा दिवस, १२ जुलै १९६१. तळमजल्यावरच्या आजी तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या, शनिवार पेठेतल्या वाड्यात. त्यांनी मुलांसाठी आवाज पाठवला, पहिल्यांदाच. पाणी आलं, वाडा गेला, हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. जास्त वेळ त्या दोन गोष्टींवर बोलल्या. एक, धरणावर वाळूची पोती रचून पाणी थोपवणारे जवान. त्यांच्यामुळे धरण रात्री फुटलं नाही, सकाळी फुटलं, आणि लोकांना पळता आलं. दुसरी, पुरानंतर खडकवासलाही गेल्यामुळे नळ कोरडे पडले आणि कितीतरी दिवसांनी एका पहाटे नळातून आधी हवा आली, मग खळखळ, मग तांबडं पाणी. "आम्ही पोरं त्या आवाजाला नाचलो होतो."

चौथ्या मजल्यावरच्या मुलीनं हा आवाज चावीवाल्या काकांना पहाटे बाल्कनीतून मोबाईल मोठा करून ऐकवला. काकांनी चावी तशीच धरून पूर्ण ऐकला. मग म्हणाले, "बरोबर आहे आजींचं. आधी हवाच येते."

२७ जुलै, सोमवार

पोस्टमन आले. टपालवाल्यानं त्यांना चार महिन्यांत पाचव्यांदा पाहिलं. पार्सल श्रीवर्धनचं, त्याच्या नावावर. सही त्यानं स्वतः केली.

आत आजोबांचं पत्र: घर पुन्हा शाकारलं, निम्मी कौलं नवी, निम्मी गोळा केलेली. आणि जुन्या कौलाचा तळहाताएवढा तुकडा, सुतळीत गुंडाळलेला. पत्रात लिहिलं होतं, "वादळानंतर अंगणात सापडला. यावर खूण आहे, भिंगातून बघ. मामा वादळाच्या आधीच दात घेऊन गेला असणार." मुलानं भिंग लावलं. तीन बारीक ओरखडे. त्यानं जीभ लावून नव्या दाताचं टोक चाचपलं, अर्धा वर आलाय.

कौल सात घरांत फिरलं. बारा वर्षांची मुलगी ते घेऊन माझ्याकडे आली. तिनं ओरखडे पट्टीनं मोजले होते आणि ते एकमेकांना अगदी समांतर आहेत, हेही तिच्या लक्षात आलं होतं. "बाई, हे खिळ्यानं केलंय ना?"

मी तिला म्हटलं, तुझ्या वहीत तू लिही, नियम माहीत आहे.

ती जिन्यात बसली, पेन दाताखाली धरून. मग लिहिलं: "कौलावर तीन ओरखडे. लांबी ४ मिलिमीटर. कोणी केले ते पाहिलं नाही."